‘टीम’ सांभाळायची कुणी?

घरून काम करणाऱ्यांची ‘टीम’ कशी बांधावी, यावर हल्ली कंपन्यांमधून शिबिरं होतात. एकमेकांना न भेटता विश्वास कसा वाढवावा, स्क्रीनवरून संवाद कसा साधावा, ‘आपलं ऑनलाइन कुटुंब’ कसं उभारावं, असे विषय असतात. ‘कुटुंब’ हा शब्द कानावर आला की आपण बायकांनी आधी सावध व्हावं. कुटुंब म्हटलं की मोबदला नाही, सुट्टी नाही. ‘तुझ्यावाचून कोण करणार’ एवढं कौतुक मात्र भरपूर.

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, तेही घरून. आमच्या गटात नऊजण, त्यात आम्ही तिघी. कुणी नागपूरला, कुणी कोचीला, कुणी समुद्रापलीकडे. अशा गटात बैठकीचं टिपण कोण लिहितं? वाढदिवस कोण लक्षात ठेवतं? नवा मुलगा आला की कुठली फाइल कुठे आहे, कुणाला काय विचारायचं, हे दोन आठवडे कोण शिकवतं? दोघांचं बिनसलं तर दोघांना वेगवेगळे फोन करून मिटवतं कोण? आम्ही तिघी. मी एकदा वहीत हिशेब मांडला, तो आठवड्याला साडेसहा तास भरला. वर्षाच्या मूल्यमापनात या तासांना एक ओळही नव्हती. उलट शेरा मिळाला, ‘सहकार्य उत्तम, तांत्रिक नेतृत्व कमी पडते.’ कमी पडणारच! तो नेतृत्व करत होता, तेव्हा मी त्याच्या गटाचं भरणपोषण करत होते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘बायकांना माणसं जोडणं उपजतच जमतं.’ हे वाक्य आपण स्वयंपाकाबद्दल ऐकलं, आजाऱ्याच्या सेवेबद्दल ऐकलं, आता कॉम्प्युटरसमोरही ऐकतो आहोत. जे उपजत, त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, ही त्यातली खरी मेख. माणसं जोडणं उपजत असतं तर त्याची शिबिरं कशाला भरवावी लागली असती? ते श्रम आहेत. ते शिकावे लागतात, त्यांना वेळ लागतो, त्यांनी माणूस थकतो. कार्यालय एका छताखाली होतं तेव्हा यातलं थोडं काम चहाच्या टपरीवर आपोआप व्हायचं. आता गट विखुरला, म्हणून हे काम वाढलं. वाढलेलं काम आलं कुणाच्या अंगावर, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि ते अंगावर पडतं ते घरात, जिथे आधीच एक पाळी चालू असते. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. पुरुष ८८ मिनिटं. त्यावर गटाचे साडेसहा तास चढवा आणि मग ‘लवचिक वेळ’ या शब्दाचा अर्थ काढा. वाकते कोण? वेळ नव्हे, बाई.

घरून काम नकोच, असं मी म्हणत नाही. त्यामुळे कित्येकींची नोकरी टिकली. पण घरून केलेलं सामूहिक काम काही कालपरवा जन्मलेलं नाही, आणि ते न्यायाने करता येतं याचे दाखलेही आहेत. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पीठ केंद्रावर मळायचं, लाटायचं घरी. लाटणारी प्रत्येक ‘बहीण’ मालकीत भागीदार. पीठ न्यायला आणि पापड द्यायला केंद्रावर यायचं, म्हणजे घरी काम करूनही बायका एकमेकींना भेटत. १९६२ साली इंग्लंडात स्टेफनी शर्लीने लग्न-मुलांपायी नोकरी सुटलेल्या बायकांना हाताशी धरून प्रोग्रॅमिंगची कंपनी काढली. पहिल्या ३०० जणांत २९७ बायका, आणि काम ज्याच्या त्याच्या घरी. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग याच बायकांनी केलं. बाईच्या नावाने पत्राला उत्तर येत नाही म्हणून शर्ली ‘स्टीव्ह’ अशी सही करायची. घरातल्या मुलाचा आवाज फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावायची. पुढे तिने कंपनीचे शेअर कामगारांना दिले. या दोन्ही ठिकाणी सहकार्य होतं, कारण वाटा होता. आमच्याकडे सहकार्य मागतात, वाटा मात्र मागायचा नाही!

आणि टेपची गरज आजही संपलेली नाही. फक्त आता मागची भिंत धूसर करतात. पुरुष सहकाऱ्याच्या मांडीवर मूल येऊन बसलं तर ‘किती गोड’. माझं आलं तर ‘घरी कुणी बघायला नाही का?’

कायदा काय म्हणतो तेही बघा. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानलं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने कामाच्या जागेच्या व्याख्येत घरही धरलं. म्हणजे रात्री अकराला साहेबाने पाठवलेला गलिच्छ मेसेज तुम्ही स्वयंपाकघरात वाचलात, तरी समितीकडे दाद मागता येते. ही माहिती किती शिबिरांत सांगतात? २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सक्ती आली, आणि बाळंतपणाच्या रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची सोयही. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही दोन्ही आल्या. आता घरून कामाची सोय पाळणाघराऐवजी पुढे केली जाते. मैत्रिणींनो, मांडीवर मूल आणि समोर बैठक, याला सोय म्हणत नाहीत.

मग करायचं काय? शिबिरांना हसून भागणार नाही. मागण्या साध्या आहेत. टिपण लिहिणं आणि नव्याला शिकवणं पाळीपाळीने, पुरुषांसकट. या कामाचे तास मूल्यमापनात मोजा. बैठकीच्या वेळा ठरलेल्या असोत. परदेशातल्या सोयीसाठी रात्र दर वेळी आमचीच का? कॅमेरा चालू ठेवायचा की नाही, हे जिचं घर तिने ठरवावं. कामाचे तास संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क हवा. फ्रान्समध्ये तशी कायदेशीर तरतूद २०१७ पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा पाठपुरावा आपण करायला हवा.

आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं. कंपनीने बनवलेला ग्रुप हा कंपनीचा असतो. तिथे साहेब बसलेला असतो, तिथे लिहिलेलं जपून ठेवलं जातं, तिथे ‘कुटुंब’ असतं. आपला ग्रुप आपण वेगळा बांधायचा, आपापल्या फोनवर, कंपनीच्या यंत्राबाहेर. तिथे पगाराचे आकडे एकमेकींना सांगायचे, शेरे वाचून दाखवायचे, समितीत कोण आहे ते कळवायचं. आणि महिन्यातून एकदा तरी कुणाच्या ओसरीवर, बागेत, जमेल तिथे प्रत्यक्ष भेटायचं. भिशी चालवणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. विश्वास, हिशेब, पाळी आणि अडीअडचणीला धावणं, या सगळ्यावर भिशी चालते. हे कौशल्य आपल्याकडे आहेच. ते आजवर दुसऱ्यांची टीम सांभाळायला फुकट दिलं. आता ते आपली संघटना बांधायला वापरू या.