शिवलेलं जहाज

हिंगोलीजवळच्या पुसेगावात राहणाऱ्या मुलाला समुद्र पाहायचा तर शेकडो किलोमीटर जावं लागतं. पण शिडाचं एक जुनं जहाज मात्र आपल्या मराठवाड्यातच आहे! कुठं? अजिंठ्याच्या लेण्यात, भिंतीवरच्या चित्रात.

पाचव्या शतकातल्या या जहाजासारखं खरं जहाज बांधायचं ठरलं. पण अडचण अशी, की चित्रकारानं ना लांबी लिहिलेली, ना रुंदी. आतला सांगाडा तर दिसतच नाही. मग सुतारानं फळी कापायची कोणत्या मापानं? शेवटी नौदलाच्या तज्ज्ञांनी चित्रावरून आराखडा केला. मद्रास आयआयटीच्या मदतीनं लहान नमुना पाण्यात सोडून तपासला. भरसमुद्रात चूक परवडत नाही ना!

गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात सप्टेंबर २०२३ मध्ये काम सुरू झालं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर फळ्या चक्क शिवत होते! फळ्यांना भोकं पाडायची, काथ्याची दोरी ओवायची, आवळून टाका घालायचा. लोखंडी खिळा नाहीच. का बरं? खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो. शिवाय लाट आदळली की शिवलेलं जहाज थोडं लवतं, म्हणून टिकतं.

सुमारे वीस मीटर लांबीचं हे ‘कौंडिण्य’ डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघालं. इंजिन नाही, नुसता वारा! जानेवारी २०२६ मध्ये ते ओमानमधल्या मस्कतला सुखरूप पोचलं.

आता अजिंठ्याला सहल गेली, की जहाज शोधाल ना?