यंत्र आले, शिकलेले हात कुठे आहेत?

लग्नसराई आणि सैन्यभरती यांचा तसा काही संबंध नाही. पण लेझर उपचाराच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन्हीकडची माणसे शेजारी शेजारी बसलेली असतात. हनुवटीवरच्या केसांनी हैराण झालेली नवरी मुलगी आणि दंडावरचे गोंदण काढायला आलेला भरतीचा उमेदवार. अग्निवीर भरतीच्या नियमांनुसार कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूलाच चालते. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे, इतरांना नाही. त्यामुळे जत्रेत हौसेने दंडावर काढून घेतलेले नाव नोकरीच्या आड येते. कारण कोणतेही असो, लेझर आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. भंडारा जिल्ह्यातल्या ग्राहकांनाही त्याच्या जाहिराती रोज मोबाइलवर दिसतात. किती सिटिंग आणि किती पैसे, हे आपण लगेच विचारतो. यंत्र धरणाऱ्याला ते चालवायला कुणी शिकवले, हे मात्र विचारायचे राहून जाते.

पुष्कळदा त्याचे उत्तर 'यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने' असे असते. तो येतो, यंत्र जोडून देतो, एकदोघांवर चालवून दाखवतो आणि जातो. कोणते बटण दाबायचे ते एका दुपारी कळते. कोणाच्या त्वचेवर ते दाबायचे नाही, हे कळायला बराच काळ लागतो.

लेझरचे तंत्र समजले की यातला धोका कळतो. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेझर तयार केला आणि त्याच दशकात लिऑन गोल्डमन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने त्याचा त्वचेवरचा परिणाम अभ्यासायला सुरुवात केली. पुढे १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलेले तत्त्व आजच्या उपचारांचा पाया आहे. योग्य तरंगलांबीचा प्रकाश, योग्य तेवढ्या अल्पकाळासाठी सोडला, तर तो ठरावीक रंगद्रव्यच शोषून घेते, तापते आणि नष्ट होते; शेजारची त्वचा वाचते. केसाच्या मुळाशी हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन, तर गोंदणात शाईचे कण.

अडचण अशी की आपल्या त्वचेच्या वरच्या थरातही मेलॅनिन भरपूर असते. गोऱ्या त्वचेला चालणारी मात्रा सावळ्या त्वचेला दिली, तर केसाच्या मुळाआधी त्वचाच भाजते. फोड येतात आणि ते बरे झाल्यावर मागे काळे किंवा पांढरे डाग राहतात. म्हणूनच ७५५ नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइट लेझरपेक्षा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर सावळ्या त्वचेसाठी अधिक सुरक्षित मानतात. त्याचा प्रकाश मेलॅनिन कमी शोषते आणि तो खोलवर जातो. रोवणीच्या दिवसांत उन्हात राबून काळवंडलेली त्वचा महिन्याभरापूर्वीच्या त्वचेसारखी नसते. तिला जुनीच मात्रा देऊन चालत नाही. वांगाच्या डागांवर चुकीच्या पद्धतीने लेझर मारला, तर वांग अधिकच गडद होऊ शकतो. डोळ्यांचा धोका वेगळाच. १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, पण दृष्टिपटल जाळू शकतो. त्यासाठीचा चष्माही त्या त्या तरंगलांबीचाच लागतो. एका यंत्राचा चष्मा दुसऱ्याला चालेलच असे नाही.

याहून गंभीर प्रश्न निदानाचा आहे. भंडाऱ्यासह पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून संपलेला नाही. त्याची सुरुवात बहुधा फिकट किंवा लालसर, बधीर चट्ट्याने होते. असा चट्टा 'डाग' समजून कुणी त्यावर लेझर चालवला, तर रुग्णाला भाजलेलेही कळणार नाही आणि उपचाराचे मोलाचे महिने हातचे जातील. कुष्ठरोगाचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि ते वेळेवर घेतले, तर हातापायांची विकृती टळते. मुलीच्या हनुवटीवर अचानक वाढलेल्या दाट केसांमागे पीसीओएस असू शकतो. मानेवरचा काळा, जाडसर पट्टा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. या खुणा ओळखणे हा लेझर प्रशिक्षणाचा पहिला धडा असायला हवा. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात नेमका तोच नसतो.

नियम अगदीच नाहीत असे नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या 'आयएडीव्हीएल' या संघटनेने २००८ मध्येच लेझर उपचारांचे निकष प्रसिद्ध केले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्योपचार आणि केशरोपणाबाबत स्पष्ट केले की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे. इंग्लंडमध्येही हा प्रश्न होता. तिथे २०१३ मध्ये सर ब्रूस किओ यांच्या समितीने सौंदर्योपचारांच्या मोकाट बाजारावर बोट ठेवले आणि २०२२ च्या कायद्याने सरकारला परवाना पद्धत आणण्याचा अधिकार दिला. आपल्याकडे कागद आहे, पण गावातल्या खोलीपर्यंत तो पोहोचवणारी यंत्रणा नाही.

सगळा दोष पार्लर चालवणाऱ्या ताईच्या माथी मारूनही भागणार नाही. कर्ज काढून यंत्र घेतलेल्या बाईला कुणाची त्वचा जाळायची नसते. एकीला फोड आले की तिचीही वर्षांची पत जाते आणि हप्ते मात्र चालूच राहतात. तिला शिकण्याची आणि आपल्या कामाची मर्यादा कळण्याची जागा हवी. ती जागा आता जिल्ह्यातच होऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचेही आहे. तिथल्या त्वचारोग विभागाने नागपूरच्या जुन्या महाविद्यालयाच्या मदतीने दोन स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू करावेत. डॉक्टरांसाठी निदान, मात्रा ठरवणे आणि भाजल्यास करायचे उपचार. सहायकांसाठी सुरक्षा, स्वच्छता, चष्मे आणि 'हे माझे काम नाही, डॉक्टरांना दाखवा' असे म्हणण्याची सवय. दोन्हीत ज्येष्ठांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम, त्याची नोंदवही आणि शेवटी परीक्षा हवी. एका दिवसात भिंतीवर लावायला मिळणारे प्रमाणपत्र नको. जिल्हा प्रशासनाने कोणते यंत्र कुठे आहे आणि त्याची जबाबदारी कोणत्या डॉक्टरवर आहे, याची नोंद ठेवावी. त्याला फार पैसा लागत नाही, इच्छा लागते.

हे होईपर्यंत ग्राहकाने स्वतः सावध राहायला हवे. डॉक्टरचे नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावे. निदान कोणी केले, यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, आधी छोट्या जागेवर चाचणी करणार का आणि फोड आलाच तर रात्री फोन कोण उचलणार, हे विचारावे. 'कायमचे केस जातील' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. लेझरने केस बरेच कमी होतात, पण टप्प्याटप्प्याने, आणि काही वेळा पुन्हा येतात. खरे जाणणारा माणूस हे आधीच सांगतो.

गोंदण काढायला गेलेला मुलगा भाजल्याचा व्रण घेऊन मैदानावर उभा राहू नये. चेहरा उजळायला गेलेल्या मुलीने हळदीच्या दिवशी ओढणीने गाल झाकू नये. त्यासाठी यंत्र विकत घेताना हात शिकवण्याचा खर्चही धरला पाहिजे. तो टाळला, तर पुढे त्याची किंमत रुग्णाच्या त्वचेला मोजावी लागते.