कांगो नदीचा जमाखर्च

आफ्रिकेचा नकाशा पुढें मांडला म्हणजे मुलांची दृष्टि प्रथम नाईल नदीवर जाते, आणि तें साहजिकच आहे. पिरॅमिड, पूर आणि कालवे यांचें वर्णन त्यांनीं शाळेच्या पुस्तकांत वाचलेलें असतें. परंतु त्याच खंडाच्या मध्यभागीं कमानीसारखी वळलेली दुसरी एक महानदी आहे. लांबीनें ती नाईलहून कमी असली तरी पाण्याच्या बाबतींत नाईल तिच्या पासंगासही पुरत नाहीं. अॅमेझॉन सोडली तर पृथ्वीवर तिच्याइतकें पाणी समुद्रास नेऊन पोंचविणारी दुसरी नदी नाहीं. या कांगो नदीचा परिचय वाचकांस करून देण्याचें या अंकीं योजिलें आहे.

झांबिया आणि कटांगा येथील उंच पठारांवर या नदीचे उगमप्रवाह आहेत. वरच्या भागांत तिला लुआलाबा म्हणतात. ही लुआलाबा सरळ उत्तरेस चालते. किसंगानी शहराच्या अलीकडे बोयोमा नांवाचे सात धबधबे लागतात आणि तेथेंच ती विषुववृत्त ओलांडते. पुढें ती पश्चिमेस वळते, मग नैर्ऋत्येस कलते आणि म्बांडाका गांवाजवळ पुन्हां विषुववृत्त ओलांडून दक्षिण गोलार्धांत परतते. एवढ्या मोठ्या नद्यांत विषुववृत्त दोनदां ओलांडणारी ही एकच. तिची लांबी सुमारें ४,७०० किलोमीटर आणि खोरें सुमारें ३७ लाख चौरस किलोमीटर. आपला अवघा भारत देश त्या खोऱ्यांत ठेवला तरी भोंवतीं जागा उरेल.

या दोनदां ओलांडण्यांत तिच्या संपत्तीचें रहस्य आहे. आपल्या गोदावरीचें उदाहरण घ्या. वैशाखांत नाशकास पात्रांतून चालत जावें आणि श्रावणांत दुतोंड्या मारुतीच्या कितव्या अंगास पाणी लागलें तें लोकांनीं पाहात बसावें, अशी आमच्या नद्यांची रीत. वर्षाची सारी मिळकत चार महिन्यांत येते आणि उरलेले आठ महिने ती पुरवून वापरावी लागते. कांगोचें तसें नाहीं. सूर्य उत्तरेस असतां तिच्या उत्तरेकडील उपनद्यांवर, विशेषतः उबांगीवर, पाऊस पडतो. सूर्य दक्षिणेस गेला म्हणजे कासाईसारख्या दक्षिणेकडील नद्या भरतात. एकत्र कुटुंबांत एका भावाचा हात आंखडला असतां दुसऱ्याचा पगार यावा, तसा हा प्रकार आहे. किन्शासापाशीं डिसेंबरांत मोठा पूर येतो आणि मे महिन्याच्या सुमारास लहान पूर येतो. जुलै-ऑगस्टांत व मार्चच्या आसपास पाणी उतरतें, परंतु आटत मात्र कधींच नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथें पाण्याची मोजणी होत आली आहे. सरासरीनें दर सेकंदास सुमारें ४१,००० घनमीटर पाणी तेथून जातें. १९६१ च्या डिसेंबरांतील महापुरांत हा आंकडा ८०,००० च्या घरांत गेला होता.

मध्यभागीं अरण्यांनीं व दलदलींनीं भरलेलें एक विस्तीर्ण उथळ खोलगट आहे. पुराचें पाणी तेथें पसरतें आणि सावकाश नदींत परत येतें. या दलदलींत हजारों वर्षें पडलेला पालापाचोळा पाण्याखालीं पुरता न कुजतां थरांवर थर सांचला आहे. या सांठ्याचा विस्तार शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं प्रथमच नकाशावर आणला. त्यांत सुमारें ३,००० कोटी टन कार्बन असल्याचा त्यांचा अंदाज आहे. ही दलदल कोरडी पडली तर तो कार्बन हवेंत जाईल आणि पृथ्वीचा ताप वाढेल. तेव्हां ही ठेव एकट्या आफ्रिकेची आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

इतकें पाणी आणि इतका विस्तार असूनही ही नदी बाहेरच्या जगास फार उशिरां कळली. किसंगानीपासून किन्शासापर्यंत सुमारें १,७०० किलोमीटर आगबोटी सुखानें चालतात. परंतु किन्शासाच्या खालीं नदी डोंगरांच्या चिंचोळ्या घळींत शिरते आणि सुमारें ३५० किलोमीटरांत बत्तीस धबधबे व उतरंडी ओलांडीत खालीं येते. कांहीं ठिकाणीं तिची खोली २०० मीटरांहून अधिक भरली आहे. समुद्रांतून आलेलें जहाज माटाडी बंदरापर्यंत येऊं शकतें. त्यापुढें दार बंद. म्हणजे सुंदर प्रशस्त वाडा असावा आणि त्याच्या दिंडीसच कडा असावा, तशी स्थिति.

१४८२ सालीं दियोगो कांव हा पोर्तुगीज दर्यावर्दी या नदीच्या मुखाशीं आला. तेथें कोंगो नांवाचें सुव्यवस्थित राज्य होतें. नदीचें नांव त्यावरूनच पडलें. तेथील राजानें १४९१ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा पुत्र अफोन्सो पोर्तुगीज भाषा शिकला आणि त्यानें पोर्तुगालच्या राजाशीं पत्रव्यवहार ठेवला. १५२६ सालच्या पत्रांत त्यानें स्पष्ट तक्रार केली कीं तुमचे व्यापारी आमच्या प्रजाजनांस, आमच्या कुळांतील मुलांससुद्धां, पळवून गुलाम म्हणून विकीत आहेत. हा व्यापार बंद करावा. व्यापार बंद झाला नाहीं. पुढें तीन शतकांहून अधिक काळ या किनाऱ्यावरून माणसें भरून जहाजें अटलांटिकपार जात राहिलीं.

नदीचा वरचा भाग मात्र नकाशावर कोराच होता. १८७१ सालीं डॉक्टर लिव्हिंग्स्टन लुआलाबाच्या कांठीं न्यांग्वे येथें पोंचले, तेव्हां ही नाईलच असावी असें त्यांस वाटत होतें. कारण ती उत्तरेस वाहत होती. १८७४ मध्यें कॅमेरून नांवाचा आरमारी अधिकारी तेथें गेला आणि त्यानें त्या जागेची उंची मोजली. ती नाईलवरील गोंडोकोरो ठाण्याच्या उंचीहून कमी भरली. पाणी चढावर चढत नाहीं, तेव्हां ही नाईल नव्हे, हें घरबसल्या मुलासही पटावें. पुढें स्टॅन्लेनें न्यांग्वेपासून प्रवाहाबरोबर जाऊन १८७७ च्या ऑगस्टांत समुद्राजवळचें बोमा गांठलें आणि शंका कायमची मिटली.

शंका मिटली आणि संकट सुरू झालें. बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड यानें स्टॅन्लेस पदरीं ठेवलें, सरदारांकडून करारनामे करून घेतले आणि १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास या अफाट प्रदेशास मान्यता मिळवून तो स्वतःच्या नांवावर चढविला. बेल्जमच्या नव्हे, खासगी मालकीच्या नांवावर! या मुलुखांत आपला एक पायही त्यानें कधीं टाकला नाहीं. धबधब्यांना वळसा घालणारा माटाडीचा लोहमार्ग १८९८ मध्यें पुरा झाला आणि बंद दार उघडलें. त्याच सुमारास, १८८८ सालीं डन्लॉपनें हवेची धांव काढल्यापासून, जगभर सायकली व पुढें मोटारी धांवूं लागल्या होत्या आणि रबरास सोन्याचा भाव आला होता. कांगोच्या अरण्यांत रबराच्या वेली होत्या. गांवोगांव रबराचें वजन ठरवून देण्यांत आलें. तें भरेपर्यंत बायकांना ओलीस ठेवीत. शिपायांस प्रत्येक काडतुसाचा हिशेब द्यावा लागे आणि तो कापलेल्या हातांनीं देण्याची रीत पडली. कित्येक लाख माणसें छळानें, भुकेनें व रोगानें मेलीं.

हा अनाचार उघडकीस कसा आला तें प्रत्येक घरांत सांगण्यासारखें आहे. एडमंड मोरेल नांवाचा एक तरुण लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनींत कारकून होता. कांगोशीं होणाऱ्या व्यापाराचीं कागदपत्रें त्याच्या हाताखालून जात. तिकडून येणाऱ्या जहाजांत रबर आणि हस्तिदंत खच्चून भरलेलें असे. इकडून जाणाऱ्या जहाजांत मुख्यतः बंदुका, काडतुसें आणि अधिकारी असत. येणाऱ्या मालाच्या किंमतीइतका कापड-भांड्यांचा माल जात नव्हता. मोरेल कांगोंत गेला नव्हता. त्यानें फक्त जमाखर्चाच्या दोन्ही बाजू ताडून पाहिल्या. माल येतो आणि मोल जात नाहीं, तर तो माल वेठीचा असला पाहिजे, हें त्यास उमगलें. त्यानें नोकरी सोडली आणि लेखणी हातीं घेतली. रॉजर केसमेंट या ब्रिटिश वकिलानें नदीवर प्रवास करून १९०४ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. अॅलिस हॅरिस या मिशनरी बाईनें काढलेलीं छायाचित्रें इंग्लंड-अमेरिकेंतील सभांत पडद्यावर दाखविण्यांत आलीं. अखेरीस १९०८ मध्यें राजाच्या हातून हा मुलूख काढून बेल्जम सरकारकडे देण्यांत आला. राज्य परकीयच राहिलें. परंतु एका कारकुनाच्या खतावणीनें एका राजाची जहागीर गेली, हें कांहीं थोडें नव्हे.

३० जून १९६० रोजीं देश स्वतंत्र झाला. तथापि सहा महिने होतात न होतात तोंच, १७ जानेवारी १९६१ रोजीं, पहिले पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांची हत्या झाली. खाणींनीं समृद्ध असा कटांगा प्रांत तर त्याआधींच फुटून निघाला होता. या धामधुमींत संयुक्त राष्ट्रांच्या सैन्यांत भारताची ब्रिगेड होती. ५ डिसेंबर १९६१ रोजीं एलिझाबेथव्हील, म्हणजे आजचें लुबुंबाशी, येथें कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया मूठभर गुरख्यांसह वाट मोकळी करतांना धारातीर्थीं पडले. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र देण्यांत आलें.

मोरेलची पद्धत आजही उपयोगी पडेल. जगांत निघणाऱ्या कोबाल्ट धातूपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक याच लुआलाबाच्या उगमाकडील खाणींतून निघतो. आपल्या हातांतील दूरध्वनीच्या व विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या विद्युत्घटांत तो पडतो. कित्येक जागीं माणसें हातांनीं बिळें खणून तो काढतात आणि त्यांत लहान मुलें राबत असल्याचे पुरावे पुढें आले आहेत. तिकडे त्याच नदीवर इंगा येथें १९७२ व १९८२ मध्यें वीजघरें उभीं राहिलीं. त्या धबधब्यांची शक्ति जगांत सर्वांत मोठी गणली जाते. तरी देशांतील बहुसंख्य घरांत अजून दिवा लागलेला नाहीं. जमेची आणि खर्चाची बाजू पुन्हां ताडून पाहा, म्हणजे काय तें ध्यानांत येईल. दूरध्वनि फेकून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. बिघडला तर दुरुस्त करून वापरावा, वर्षावर्षास नवा घेण्याचा सोस नसावा, आणि तो कोणाच्या श्रमानें झाला हें मुलांस ठाऊक असावें, एवढें तर प्रत्येक घरास शक्य आहे.

या खात्यांत एक गोड नोंदही आहे. पोर्तुगीजांनीं ब्राझीलहून एक कंद आफ्रिकेंत आणला. कांगोंतील बायका त्याच्या कडू जाती नदीच्या पाण्यांत कित्येक दिवस भिजत घालून त्यांतील विष काढतात, मग वाळवून पीठ करतात किंवा आंबवून पानांत गुंडाळून शिजवतात. कोंवळ्या पानांची भाजीही होते. कोट्यवधि माणसांचें हेंच रोजचें अन्न आहे. आणि आपल्या घरीं एकादशीस जो साबुदाणा भिजत पडतो, तोही याच कंदाचा! तिकडे रोजचें जेवण, इकडे उपासाचा फराळ. पण झाड एकच.

येत्या एकादशीस साबुदाणा भिजत घालतांना मुलांसमोर नकाशा उघडावा आणि ही कमानदार नदी उगमापासून मुखापर्यंत बोटानें फिरवून दाखवावी. विषुववृत्त ती कोठें कोठें ओलांडते तें त्यांनाच शोधावयास लावावें. उबांगीचा उगम नेमका कोणता याविषयीं प्रवाशांत जो मोठा वाद माजला होता, त्याची हकीकत पुढील अंकीं देऊं.