हाडांचा अभ्यास शिकून घ्या

अमृतसरजवळच्या अजनाल्यात १८५७ साली इंग्रजांनी २६व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या शिपायांना मारून विहिरीत टाकलं होतं. २०१४च्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी ती विहीर श्रद्धेनं उपसली. पण जाणकार कुणी सोबत नव्हतं. हाडं मोडली, एकमेकांत मिसळली. पुढे चंदीगडच्या मानवशास्त्रज्ञांनी आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं दातांतला डीएनए तपासला. ही माणसं गंगेच्या खोऱ्यातली होती, हे २०२२मध्ये कळलं. विहीर उपसतानाच शिकलेले हात असते, तर याहून बरंच काही कळलं असतं.

अर्जेंटिनातही असंच झालं. लष्करी राजवटीत मारलेल्यांच्या कबरी बुलडोझरनं उकरल्या जात होत्या. १९८४ मध्ये क्लाइड स्नो हे अमेरिकन तज्ज्ञ तिथे गेले आणि मानवशास्त्र, पुरातत्त्व, वैद्यक शिकणाऱ्या मूठभर पोरांना हाताशी धरून ब्रश-खुरप्यानं काम सुरू केलं. त्या पोरांचीच पुढे नावाजलेली तुकडी झाली. १९९७ मध्ये बोलिव्हियात चे गेव्हाराचे अवशेष शोधण्यात ती होती.

म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं सांगणं आहे: फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजी हा विषय मनावर घ्या. कमरेच्या हाडावरून बाई की पुरुष, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची, हासळीचं आतलं टोक जुळलंय का यावरून विशी-तिशीतलं वय, असा अंदाज बांधायला इथे शिकवतात. मुलीनं हाडं हाताळायची म्हणून नाक मुरडू नका. आपल्याकडे डेक्कन कॉलेजनं इनामगावच्या उत्खननात रांजणांत पुरलेल्या बाळांचे सांगाडे सापडल्यावर तेही असेच जपून अभ्यासले.

वाट कुठून? मानवशास्त्र, जीवशास्त्र, दंतवैद्यक, वैद्यक किंवा न्यायसहायक विज्ञानाची पदवी चालते. संस्थेची अट मात्र आधी बघा. प्रवेश घेण्यापूर्वी तिथे जाऊन या. खरी हाडं हाताळायला मिळतात की नुसती प्लॅस्टिकची? मातीत उतरून खोदकाम शिकवतात का? शिकवणाऱ्यांपैकी कुणी कोर्टात साक्ष दिली आहे का? उत्तरं गुळमुळीत आली तर फी भरू नका. चार आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रानं कुणी तज्ज्ञ होत नाही. नोकऱ्या आजही थोड्याच आहेत, हे लपवत नाही. पण २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. त्यासाठी माणसं लागणारच.

आणि बाकीच्यांनी एवढं करा: पाया किंवा विहीर खणताना हाड दिसलं, तर फावडं थांबवा, ते उचलून धुऊ नका, आजूबाजूची माती तशीच राहू द्या आणि ११२ ला फोन करा.