सहाणेवरचे वेढे

झोपेसाठी चघळायच्या गमीची डबी हातात घेऊन नीट पाहावी. पुढच्या बाजूला चंद्रकोर, जांभळे आभाळ आणि गाढ झोपेचे आश्वासन. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत इशारा : औषधी वापरासाठी नाही. हा काही कंपनीचा विनय नव्हे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमांनी पूरक आहारावर तो छापावाच लागतो. कायद्याच्या लेखी ही वस्तू अन्न आहे. घेणारा मात्र ती रात्रभर टक्क जागे राहण्यावरचा इलाज म्हणूनच घेतो. मोबाईलवर मागवलेली अशी डबी आता वेळापूरच्या पत्त्यावरही येते. त्याला शहरी फॅड म्हणून हसणे सोपे आहे, पण आमच्या मते ही मागणी खरी आहे. झोप लागत नाही, छातीत धडधडते, मन कशात रमत नाही, ही तक्रार सांगायची कुणाकडे हेच कळेनासे झाले, की माणूस गिऱ्हाईक होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : आपल्या आज्या तरी दुसरे काय करत होत्या? झोपताना जायफळ घातलेले दूध, तान्ह्याला गुटी, डोक्यावर ब्राह्मीचे तेल. गमी म्हणजे त्याचेच नवे रूप. पण गुटी कशी दिली जाई ते आठवा. सहाणेवर थोडे दूध घेऊन जायफळ उगाळायचे ते मोजून, एक वेढा किंवा फार तर दोन. हरड्याचे वेढे वेगळे, मुरुडशेंगेचे वेगळे, आणि बाळ वाढेल तसे ते वाढवायचे. जायफळ जास्त झाले तर बाळ नको तितके गुंगते, हे त्या बाईला पक्के ठाऊक होते. (सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, असे बालरोगतज्ज्ञ आज सांगतात, आणि ते ऐकावे.) मुद्दा गुटीच्या गुणाचा नाही, मात्रेच्या भानाचा आहे. अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०२३ साली मेलाटोनिन या संप्रेरकाच्या पंचवीस गम्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. बावीस गम्यांवरचे आकडे चुकीचे निघाले. ज्यांत मेलाटोनिन होते त्यांत ते छापलेल्या आकड्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत होते, आणि एका गमीत तर ते नव्हतेच. सहाणेशी बसलेली आजी या गम्या बनवणाऱ्यांपेक्षा काटेकोर होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : या वस्तूंना शास्त्राचा काहीच आधार नाही असे नव्हे. ते खरे आहे. गम्यांत घालतात त्या अश्वगंधेवरच्या पाच चाचण्या एकत्र करून २०२१ साली आढावा घेतला गेला. चारशे माणसांत झोपेवर तिचा परिणाम दिसला. तो छोटा होता, पण होता. तो नाकारणे हाही आंधळेपणाच. मात्र ज्या वस्तूचा परिणाम होतो तिचा दुष्परिणामही होऊ शकतो, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द नेमके हेच विसरायला लावतो. अश्वगंधा घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याचे रुग्ण आइसलँडपासून आपल्या देशापर्यंत नोंदले गेले आहेत. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली, त्या बंदीची आपल्याकडे बरीच खिल्ली उडाली. आयुष मंत्रालयाने मात्र त्याआधीच, २०२१ साली, पाने न वापरता फक्त मुळे वापरण्याची सूचना उत्पादकांना केली होती. दुधात असते ते ट्रिप्टोफॅन तर साधे अन्नद्रव्य. त्याच्या कारखान्यात बनलेल्या गोळ्यांनी १९८९ साली अमेरिकेत दीड हजारांवर माणसे आजारी पडली आणि तीसहून अधिक दगावली.

पण आमचे खरे भांडण डबीशी नाही, झोपेसाठी रात्रच न मिळण्याशी आहे. मेलाटोनिन हे मुळात गुंगीचे औषधच नव्हे. अंधार पडला की मेंदूतल्या ग्रंथीतून निघणारा तो निरोप आहे. आता वेळापूरच्या माळशिरस तालुक्यातली रात्र पाहा. शेतीपंपाची थ्री फेज आळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी लागली की उसाला दारे धरायला माणूस बॅटरी आणि खोरे घेऊन निघतो, सरीतून पाणी फिरवतो, सापाच्या भीतीने पाचटात पाय जपून टाकतो आणि उजाडता घरी येतो. पुढच्या पाळीत पुन्हा दिवस. शरीरातले घड्याळ असे वरचेवर उलटे-सुलटे फिरवले तर झोप येणार कुठून? कष्ट केले की झोप आपोआप लागते, असे शहाणे लोक सांगतात, आणि दाखला म्हणून वारी दाखवतात. आषाढात माउलींची पालखी वेळापुरी मुक्कामाला येते, तेव्हा दिवसभर चाललेले वारकरी ताडपत्रीखाली गाढ झोपतात, हे खरेच. पण दारे धरणारा किंवा पहाटेच्या अंधारात फडात उतरणारा तोडकरी काय कमी कष्ट करतो? वारकऱ्याला रात्र मिळते, याला मिळत नाही.

शेतीला दिवसा वीज द्यावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला. आमच्या लेखी झोपेची याहून मोठी योजना नाही, जरी तिच्या फलकावर चंद्र नाही. तोवर काय करायचे, हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय गोळी नव्हे तर झोपेच्या सवयी व विचार बदलणारे समुपदेशन, असे अमेरिकी फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले. ते देणारा माणूस तालुक्याच्या गावी शोधायचा कुठे? देशात नेहमीच्या मानसिक आजारांच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशींना उपचारच मिळत नाहीत, असे २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. ती पोकळी डबीने भरली, यात नवल नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकटचा क्रमांक २०२२ पासून आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. गम्यांच्या जाहिराती आहेत तेवढ्या त्याच्याही लागल्या असत्या तर हा लेख निम्म्यात आटोपला असता.

आमच्यासारखे दिवाळी अंक जाहिरातींवर जगतात, तेव्हा आमची मागणी आमच्याही अंगावर येऊ शकते, तरी ती मांडतो. डबीच्या मागचा इशारा पुढे यावा, मराठीत, चंद्राएवढ्याच आकारात. आत काय आणि किती, कोणत्या गोळ्यांबरोबर घेऊ नये, तेही तिथेच. आणि वीज उपकेंद्राच्या फळ्यावर या हंगामात दिवसाच्या पाळीचे वेळापत्रक लागावे.