'रक्तातच नाही' म्हणण्यापूर्वी

शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य वारंवार कानी पडते : 'त्या मुलाच्या रक्तातच ते नाही.' आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तरीही या वाक्याविरुद्ध एक अगदी क्षुद्र जीव साक्षीला उभा करावा असे आम्हांस वाटते. तो जीव म्हणजे यीस्ट. आमच्या गोव्यातील पोदेर पूर्वी पावाच्या पिठात माडाची सूर घालीत, ती याच जीवाच्या भरवशावर.

यीस्टच्या पेशीत सुमारे ६,००० जनुके असतात. १९९६ साली तो सारा संच वाचून झाला. परंतु ती सगळी एकाच वेळी कामाला लागत नाहीत. गॅलॅक्टोज नावाची साखर पचविणारी जनुके पाहा. त्यांच्या उंबरठ्याशी गॅल-४ हे प्रथिन बसते. जनुकांना कामाला लावणारे ते हेच. पण गॅल-८० हे दुसरे प्रथिन त्याला बिलगून त्याचे कार्यकारी अंग झाकून ठेवते. गॅलॅक्टोज पेशीत शिरली की गॅल-३ हे तिसरे प्रथिन ती धारण करते व गॅल-८० ला पकडते. गॅल-४ मोकळे होते, आणि मंद पडलेले काम सुमारे १,००० पटीपर्यंत वाढते. भोवती ग्लुकोज विपुल असेल, तर मात्र मिग-१ हे प्रथिन ही जनुके दाबून टाकते. सोपे अन्न हाताशी असता अवघडाचा खटाटोप कशाला!

ग्लुकोजवर पोसलेल्या पेशीकडे पाहून 'हिला गॅलॅक्टोज पचवायची नाही' असे कोणी म्हटले, तर तो फसेल. मूल म्हणजे यीस्ट नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि १९८८ साली गॅल-४ ची बैठक पुढे जोडलेली जनुके ते प्रथिन सस्तन प्राण्यांच्या पेशींतही चालू करते असे दिसून आले. तेव्हा साक्षीदार अगदीच परका नाही. आणि तयार उत्तरांचे ग्लुकोज वर्षभर चारून, मुलाला स्वतः विचार करता येत नाही असा निकाल आपणच देत असतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. दुधातील साखर ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांच्या जोडणीने बनते. ती जोडणी पावाच्या यीस्टला फोडता येत नाही. त्यासाठी लागणारे जनुकच त्याच्यापाशी नाही. म्हणजे 'नाही' हे कधीकधी खरेही असते. मात्र खरे कोणते हे ग्लुकोज काढून घेतल्यावाचून कळत नाही, आणि तेवढी तसदी या वर्षी आम्हीही घेतली नाही.