मोकळ्या जागांची राखण कोण करणार?

कोल्हापुरात हद्दवाढीचा वाद पेटला की शहर एका बाजूला आणि भोवतालची गावे दुसऱ्या बाजूला उभी राहतात. घरफाळा वाढेल, शेती जाईल, ही गावकऱ्यांची भीती निराधार नाही. परंतु शेती हद्दीच्या रेषेने जात नाही. ती बिगरशेती परवान्याने जाते. महापालिकेच्या हद्दीबाहेर असतानाच पाचगाव, उचगाव येथील शेतांचे प्लॉट पडले.

या वादावर तोडगा म्हणून राज्य सरकारने २०१७ साली ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले. बांधकाम परवानगीबरोबर मिळणारे विकास शुल्क हे अशा संस्थेला कायद्याने दिलेले उत्पन्नाचे साधन. जिची तिजोरी बांधकामाने भरते, तिलाच मोकळ्या जागेचे राखणदार नेमणे म्हणजे कुंपणाकडे शेत सोपवणे होय.

आराखड्यात बाग आणि क्रीडांगण यांची आरक्षणे पडतात, हे खरे. पण १९६६ च्या नगररचना कायद्याचे कलम १२७ काय सांगते? दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालकाने नोटीस द्यावी. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते. लहान शेतकऱ्याची जमीन मोबदल्याविना अडकवून ठेवू नये, हे न्याय्यच आहे. दोष मालकाच्या हक्काचा नसून रिकाम्या तिजोरीचा आहे.

ही तिजोरी रिकामी का? सार्वजनिक पैशातून रस्ता आणि पाणी येते, जमिनीचा भाव चढतो. ही अनर्जित वाढ मात्र बिल्डर आणि दलाल खिशात घालतात. पुढे बागेसाठी तीच जमीन घेताना समाजाने स्वतःच चढवलेला भाव समाजालाच मोजावा लागतो. भांडवलशाही अमेरिकेतही ऑकलंड-बर्कली परिसरातील मतदारांनी १९३४ साली, ऐन महामंदीत, स्वतःवर कर बसवून प्रादेशिक उद्यान संस्था उभारली. तिचे संचालक लोक निवडून देतात, आणि आज तिच्याकडे सुमारे सव्वा लाख एकर भूमी आहे.

कोल्हापूरने वरुणतीर्थाचे मैदान केले, कपिलतीर्थावर मंडई बसवली. पाण्याची जागा हिरावली की पाणी गरिबाच्या घरात शिरते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत बंगलेवाल्यांचेही नुकसान झाले. परंतु पंचगंगा फुगली की दर पावसाळ्यात प्रथम बिऱ्हाड उचलावे लागते ते सुतारवाड्यातील कष्टकऱ्यांना.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. बिगरशेती परवानगी देतानाच अनर्जित वाढीचा वाटा वसूल करावा. तो केवळ मोकळ्या जागा संपादण्यासाठी स्वतंत्र निधीत ठेवावा. गायराने आणि पूररेषेतील शेती यांना हात लावू नये. आणि या निधीचा कारभार शहर व गावे यांनी निवडलेल्या प्रतिनिधींकडे द्यावा.

हद्द कोठे आखावी, यावर शहर आणि गाव भांडत राहिले तर लाभ तिसऱ्याचाच होईल. कार्यकर्त्यांनी आराखड्याचे नकाशे ग्रामसभांत उलगडावेत आणि मुदतीत हरकती नोंदवाव्यात. नकाशावरचा हिरवा रंग लोकांनी राखला तरच तो जमिनीवर उतरेल.